वॅगनआरला एलपीजी किट बसवून २ वर्षं झाली, पैसे वाचले का? वाचले, पण दुकानदार बोलला होता तेवढे नाही

ऑफिसात, नात्यात, पंपावरच्या रांगेत, जो भेटेल तो एकच विचारून राहिला की भाऊ गॅस किट परवडते का, आणि मी दरवेळी अर्धा तास बोलतो आणि समोरचा शेवटी विचारतो म्हणजे बसवू की नको. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो.

गाडी २०१३ ची वॅगनआर, पेट्रोल, १००० सीसीवाली, मी सेकंड हॅंड घेतलेली. घर नागपुरात जरीपटक्याला आणि नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत, म्हणजे एका बाजूनं ३७ किलोमीटर, जाऊन येऊन ७५ पकडा. महिन्याला २४ दिवस. मेट्रो खापरीला संपते, तिथून पुढे शिफ्टच्या टायमाला काय मिळेल ते मिळेल, आणि कंपनीची बस आमच्या भागात येत नाही. बाईकनं चार वर्षं केलं, मे महिन्यात दुपारी २ ला वर्धा रोडवर बाईक चालवून बघा मग कळेल काहून सोडली.

तर २०२२ चा एप्रिल आठवा. पेट्रोल १२० च्या घरात गेलेलं. दर महिन्याला पगारातले बारा साडेबारा हजार नुसते टाकीत जायचे. डोक्यात पहिलं सीएनजीच आलं, पण नागपूरची गंमत अशी की मार्च २०२२ मधे आमच्याकडे सीएनजी १२० रुपये किलो झाला होता, अख्ख्या देशात सगळ्यात महाग. पाइपलाइन नव्हती, गुजरातहून टँकरनं लिक्विड गॅस यायचा, तो इथं सीएनजी करून विकायचे, त्यात युक्रेनचं युद्ध. राज्य सरकारनं १ एप्रिलपासून सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून ३ टक्के केला, थोडा फरक पडला, पण तोवर मी सीएनजीचा नाद सोडलेला. पुण्या-मुंबईच्या लोकांनी हा मुद्दा आधी समजून घ्या, मी एलपीजी घेतली ती माझ्या गावातल्या त्या वेळच्या भावाकडं बघून घेतली. तुमच्या घराजवळ सीएनजी स्वस्त आणि पंप मोकळा असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, तिकडेच जा.

एलपीजीचं मात्र नागपुरात जुनं आहे. गो गॅसवाली कॉन्फिडन्स पेट्रोलियम ही कंपनीच नागपूरची, आणि ऑटोवाले कित्येक वर्षांपासून यावर चालवून राहिले. माझ्या रस्त्यातच एक पंप आहे, किट बसवायचं निम्मं कारण तो पंप. आधी वाटलं होतं कंपनी फिटेड वॅगनआर ड्युओच शोधावी, मारुतीनं २००६ पासून ती एलपीजीवाली काढली होती, पण जेवढ्या बघितल्या त्या एवढ्या रगडलेल्या की मालकालाच दया येत होती तिची. मग म्हटलं आपल्याच गाडीला बसवू.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण काही गोष्टी चांगल्या केल्या काही नाही, आणि भांडण करायचं नाही मला. इटालियन सिक्वेन्शियल किट (इंजिनच्या प्रत्येक सिलेंडरला वेगळा गॅस सोडणारी), डिक्कीत स्टेपनीच्या खड्ड्यात बसणारी गोल टाकी (मेदूवड्यासारखी, मधे भोक), फिटिंगसकट ३१,५०० सांगितले. आरसीचं आणि एजंटचं वेगळे ३,०००. आणि मग दुकानदारानं कॅल्क्युलेटर काढला. पेट्रोल १२०, गॅस एवढा, म्हणजे जवळपास निम्म्यात काम, महिन्याला साडेपाच सहा हजार सुटले, सहा महिन्यांत किट फुकट. एवढ्या आत्मविश्वासानं बोलला की मी खरंच मान डोलावली.

गोम इथेच आहे आणि नव्वद टक्के लोक इथेच फसतात. तो लिटरला लिटर लावून हिशोब करतो. एक लिटर गॅस म्हणजे एक लिटर पेट्रोल नाही हो! गॅस हलका असतो, लिटरला अर्धा किलोच्या थोडा वर भरतो, पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास. म्हणून लिटरमागं ताकद पाचव्या ते चौथ्या हिश्शानं कमी पडते, मग किट इटलीची असो की आणखी कुठली. माझी गाडी पेट्रोलवर १७ चा अ‍ॅव्हरेज द्यायची, गॅसवर १३.५ देते. दोन वर्षं प्रत्येक भरणं डायरीत लिहिलंय, बायको हसते त्या डायरीला, पण १३ च्या खाली आणि १४ च्या वर क्वचितच गेला.

म्हणजे सोपं गणित असं की गॅसचा भाव पेट्रोलच्या ऐंशी टक्क्यांच्या जेवढा खाली, तेवढीच तुमची बचत. पेट्रोल १०६ असेल तर ८४ रुपयांना गॅस आणि पेट्रोल सारखंच पडतं. मला दोन वर्षांत गॅस सरासरी ६२ ला पडला. तर पेट्रोलचे किलोमीटरला सव्वासहा रुपये आणि गॅसचे चार रुपये साठ पैसे. किलोमीटरमागं दीड रुपयाच्या थोडं वर सुटतं. निम्मं बिम्मं काही नाही.

आता यातही एक छिद्र आहे. गाडी गॅसवर सुरू होत नाही. सकाळी पेट्रोलवरच सुरू होते, इंजिनचं पाणी गरम झालं की मग टिक आवाज येऊन आपोआप गॅसवर जाते. ते काहून, तर टाकीतून गॅस पातळ येतो आणि त्याची वाफ करणाऱ्या रिड्युसर नावाच्या डब्याला गरमी लागते, ती कूलंटमधून मिळते. उन्हाळ्यात किलोमीटरभरात होतं, पण डिसेंबरात सकाळी सहाला नागपूरची थंडी असते तेव्हा दोन अडीच किलोमीटर पेट्रोलच जाळते, आणि थंड इंजिन पितं पण जास्त. महिन्याला सहा साडेसहा लिटर पेट्रोल असंच जातं, म्हणजे सातशे रुपये. हे कोणताच दुकानदार सांगत नाही. सगळं धरून माझा १८०० किलोमीटरचा महिना पेट्रोलवर ११,२०० चा असता तो ८,५०० मधे होतो. २,७०० ची बचत. सहा हजार नाही.

बरं त्यात माझं नशीब म्हणा की काय म्हणा, किट बसवली मेच्या पहिल्या आठवड्यात आणि २१ मेला केंद्रानं एक्साइज ८ रुपये कमी केली, पेट्रोल एकदम साडेनऊ रुपयांनी उतरलं. जुलैत राज्यानं आणखी ५ कमी केले. १२० चं १०६ झालं आणि तिथून पुढे मार्च २०२४ पर्यंत हललंच नाही. मित्र म्हणे तू किट बसवली म्हणून पेट्रोल स्वस्त झालं, सगळ्या देशानं तुझे आभार मानायला पाहिजे. हसलो, काय करणार. पण खरं सांगायचं तर १२० चा भाव कायम राहील असं धरून हिशोब केला होता ही माझीच चूक. गॅसचा भाव पण महिन्याच्या सुरुवातीला बदलतो, बाहेरच्या बाजारावर, सौदीच्या दरावर चालतो तो. पेट्रोल थांबलं होतं तेव्हाही गॅस वर खाली होतच होता.

वाचले ते पैसे सगळे खिशात येत नाहीत हा दुसरा भाग. इन्शुरन्समधे किटच्या किमतीवर ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये, वर जीएसटी, म्हणजे मला वर्षाला पंधराशेच्या वर. हे वाचवायला जाऊ नका. किट आरसीवर चढली नाही आणि पॉलिसीत लिहिली नाही तर उद्या काही झालं तर क्लेमवाले पहिलं तेच बघणार. दर १०,००० किलोमीटरला गॅसचे फिल्टर बदलायचे, पाचशे रुपये. प्लग लवकर जातात. वर्षातून एकदा लॅपटॉप लावून ट्युनिंग. दोन वर्षांत या किरकोळ कामांचेच चार हजारांच्या वर गेले.

आणि दोन मोठी बिलं, त्यातलं एक शंभर टक्के माझ्या मूर्खपणाचं. गॅसवर चालते म्हणून मी पेट्रोल भरणंच सोडलं, काटा कायम रिझर्व्हवर, शंभर रुपयाचं टाकायचं आणि चालवायचं. पेट्रोलचा पंप टाकीच्या आत असतो, आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. माझ्या गाडीत गॅसवर असतानाही तो फिरत राहायचा, कोरडाच. सव्वा वर्षांनी एका सकाळी गाडी सुरूच होईना, पंप जळाला, ४,८०० रुपये. मेकॅनिक म्हणाला साहेब, गॅसवाले सगळे असेच येतात. आधी सांगायचं होतं ना बाप्पा! तेव्हापासून किमान पाव टाकी पेट्रोल ठेवतो.

दुसरं बिल रिड्युसरचं, ३,४००. गॅसमधे तेलकट घाण असते ती आत जमते, आतला रबरी पडदा कडक झाला, गाडी चढावर झटके मारायला लागली, एअरपोर्टच्या बाजूनं डबल डेकर पुलावर चढताना मागचा ट्रक हॉर्न वाजवतोय आणि माझी गाडी हुंदके देतेय. स्विच दाबून पेट्रोलवर टाकली की गुमान चालायची. दुकानात नेली तर म्हणे वॉरंटी किटवर आहे, रबरी पार्टवर नाही. बिलाच्या मागं बारीक अक्षरात तसं लिहिलं होतं खरं. वाचलं कोणी होतं!

फिटिंग मात्र चांगली केली होती हे कबूल. वायरिंग नीट टेप करून, पाइप क्लिपात बसवून, टाकीचा व्हेंट (गळालेला गॅस बाहेर सोडणारी नळी) गाडीच्या खाली बाहेर काढलेला. दुसऱ्या दुकानात मी एक गाडी बघितली त्यात वायरी चप्पलच्या बंदासारख्या लोंबत होत्या. आरसीचा मात्र छळ झाला. "आठ दिवसात होते" म्हणत एजंटनं साडेतीन महिने लावले. पैसे देताना अट घाला की आरसीवर पेट्रोल/एलपीजी छापून आल्याशिवाय शेवटचे पाच हजार मिळणार नाहीत. मी आधीच सगळे देऊन मोकळा झालो होतो. आणि किट तुमच्याच मॉडेलसाठी मंजूर आहे का त्याचा कागद मागा, नवीन बीएस ६ (२०२० पासूनच्या प्रदूषण नियमांच्या) गाडीवाल्यांनी तर नक्कीच, त्यांना २०२२ च्या ऑगस्टपर्यंत बाहेरून किट बसवायची परवानगीच नव्हती. कंपनीची वॉरंटी चालू असेल तर ती जाते हेही लक्षात ठेवा.

चालवायला कशी आहे विचाराल तर मस्त. खरंच. पिकअपला अगदी थोडा फरक, तोही तीन लोक आणि एसी असेल तर जाणवतो. सीएनजीची मित्राची गाडी चालवली आहे, ती चढावर जास्त सुस्त वाटते. गॅसचा ऑक्टेन (इंजिनात ठोके न मारता जळायचा गुण) पेट्रोलपेक्षा जास्त, त्यामुळे इंजिनचा आवाज उलट मऊ झाला. सीएनजीच्या सिलेंडरमधे २०० बारचं प्रेशर असतं म्हणून तो जाडजूड लोखंडी आणि अख्खी डिक्की खातो, एलपीजीला दहाच्या आसपास, म्हणून गोल हलकी टाकी चालते आणि डिक्की वाचते. पण स्टेपनी गेली ना तिच्या जागेवरून. ती आता डिक्कीत आडवी पडलेली असते, बायको भाजी आणायला निघाली की पहिली ती बाहेर काढते आणि मला ऐकवते.

टाकी ३६ लिटरची पण भरायची ८० टक्केच, २९ लिटरच्या आसपास, वर जागा मोकळी ठेवावी लागते कारण गरमीत गॅस फुगतो. वॉल्व्ह आपोआप बंद होतो. दुकानदारानं ३६ लिटर म्हणून सांगितलं, ८० टक्के सांगितलं नाही. रेंज ३७० ते ३९०, म्हणजे पाच दिवस. मे महिन्यात मात्र गजबच होतं, ४५ डिग्रीत गाडी उन्हात उभी राहिली की टाकीत प्रेशर एवढं वाढतं की पंपाचा नोझल ढकलूच शकत नाही, तीन लिटर जाऊन थांबतं. पंपवाल्यानं सांगितलेला उपाय, सकाळी सातच्या आत या. तसंच करतो.

रांग असते. पुढे दहा ऑटो, प्रत्येक जण पन्नास किंवा शंभरचा गॅस भरतो आणि सुट्टे मोजतो. गाडीत बसलेल्या सगळ्यांना खाली उतरावं लागतं, आईला घेऊन गेलो की तिला हे बिलकूल पटत नाही, पेट्रोलवाले तर बसू देतात म्हणते. आणि शहर सोडलं की पंपांचं काही खरं नाही. चंद्रपूरला लग्नाला गेलो तर येताना पूर्ण पेट्रोलवर आलो. लांबच्या प्रवासात मी किट आहे हे विसरूनच जातो.

आता तो विषय, जो प्रत्येक जण हळू आवाजात विचारतो. घरचा लाल सिलेंडर. हो, हिशोब मलाही येतो, १४.२ किलोची टाकी अकराशेला आली तर लिटरला बेचाळीस रुपये पडतात आणि ऑटो गॅसवर १८ टक्के जीएसटी तर घरच्यावर ५. म्हणूनच गल्लीबोळात मोटर लावून भरून देणारे आहेत. हा गुन्हा आहे हा एक भाग झाला, पण मला त्यापेक्षा दुसरी भीती आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असते, गळाली तर वर उडून जात नाही, जमिनीवर पसरून बसते, आणि बंद खोलीत मोटरच्या बटणाची एक ठिणगी पुरते. अशा भरण्यात स्फोट झाल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. शाळेच्या पोरांची व्हॅन तिथं उभी बघितली होती एकदा, त्या दिवशी जेवण गेलं नाही. बेसमेंटमधे गाडी लावत असाल तर हेच जडपणाचं लक्षात ठेवा, वास आला की स्विच नाही, लाइट नाही, आधी टाकीवरचा वॉल्व्ह हातानं बंद.

तर दोन वर्षांचा ताळा. सुट्ट्या, आजारपण, गाडी गॅरेजमधे, हे वगळून इंधनात साठ हजारांच्या आसपास वाचले. किट ३१,५००, आरसी ३,०००, इन्शुरन्स ३,१००, फिल्टर प्लग ट्युनिंग ४,२००, रिड्युसर ३,४००, टाकीतला जळालेला पंप ४,८००. झाले बरोबर पन्नास हजार. हातात उरले दहा. किटचे पैसे निघायला सहा महिने सांगितले होते, मला दीड वर्षाच्या वर लागलं. आता तिसऱ्या वर्षापासून काही मोठं निघालं नाही तर पंचवीस एक हजार दरसाल सुटायला पाहिजेत, आणि गाडी अजून चार वर्षं चालवायची आहे म्हणून मला सौदा बरा पडला.

शेजारच्या काकांचं मात्र ऐका. त्यांचीही २०१३ चीच गाडी, ऑफिस शहरातच, जाऊन येऊन २० किलोमीटर. माझं बघून तेही निघाले होते बसवायला. मी डायरी घेऊन त्यांच्या गच्चीवर बसलो. महिन्याला ५०० किलोमीटर, त्यात दर फेरीचे पहिले दोन पेट्रोलवरच, म्हणजे सुटणार सहाशे. इन्शुरन्स आणि फिल्टर वजा केला की चारशे. साडेचौतीस हजार भागिले चारशे, सात वर्षं. काका म्हणे, अरे पण गाडीचं पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन तर २०२८ लाच संपते. मी म्हटलं तेच तर सांगून राहिलो. त्यांनी त्या पैशाचा एसी घेतला, आणि उन्हाळ्यात आम्ही दोघं तिथंच बसतो.

किटला ५ पैकी ४ देतो, दुकानाला ३, एजंटला काहीच नाही. रोजचं रनिंग ५० किलोमीटरच्या वर, पंप रस्त्यात, गाडी अजून चार पाच वर्षं ठेवायची, आणि सीएनजी महाग किंवा लांब, हे चारही जुळत असेल तर डोळे मिटून नाही, डोळे उघडे ठेवून बसवा. मेट्रोचा दुसरा टप्पा खापरीच्या पुढं बुटीबोरी एमआयडीसीपर्यंत मंजूर आहे, खांब उभे राहताना रोज दिसतात. ती सुरू झाली की माझा हा सगळा हिशोब रद्द. तोवर उद्या सकाळी पावणेसातला पंपावर, ऑटोवाल्यांच्या मागं.